महाड-पोलादपूर परिसरात चववर्धकाचा उद्योग : आमसूल आणि आगळ

सव, महाड, पोलादपूर या पट्ट्यातील तरुण प्रक्रिया उद्योगाची चौकशी करायला येतात तेव्हा दरवर्षी एकजण तरी विचारतो, "साहेब, अजिनोमोटोचा कारखाना टाकता येईल का? चायनीजच्या गाड्यांना रोज लागतो, मागणी पक्की आहे." प्रश्न चुकीचा नाही. चव वाढवणाऱ्या पदार्थाला मागणी कायम असते, तो थोड्या प्रमाणात लागतो आणि टिकतोही. मात्र कोणता चववर्धक आपल्या भागात, आपल्या भांडवलात आणि आपल्या पाण्यावर तयार होऊ शकतो, हे आधी नीट तपासावे लागते. या लेखात आधी अजिनोमोटोचा हिशेब थोडक्यात पाहू. त्यानंतर आपल्या बांधावर आणि रानात उभ्या असलेल्या कोकमाचा हिशेब सविस्तर मांडला आहे.

अजिनोमोटो गावात का होत नाही

अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचे नाव आहे. पदार्थाचे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, आणि वेष्टनावरील क्रमांक ६२१. किकुनाए इकेडा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या रस्स्यातून ही चव वेगळी काढली. आज हा पदार्थ किण्वनाने तयार होतो. १९५६ च्या सुमारास जपानमध्येच ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकणारा जिवाणू सापडला. त्याचे नाव कॉरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम. उसाची मळी किंवा स्टार्चपासून केलेली साखर त्याला खाद्य म्हणून देतात. बंद टाकीत निर्जंतुक हवा आणि अमोनिया सोडतात, तापमान व सामू सतत राखतात. नंतर द्रावण आम्लधर्मी करून ग्लुटामिक आम्लाचे स्फटिक पाडतात, सोड्याने उदासीन करतात, कोळशाने रंग काढतात आणि पुन्हा स्फटिक करतात.

यातील एकही टप्पा घरगुती प्रमाणावर परवडत नाही. टाकीत बाहेरचा जिवाणू शिरला की संपूर्ण घाण वाया जाते. मळी लांबून, घाटावरून आणावी लागेल, आणि तिथे ती आधीच इथेनॉलकडे जाते. शिवाय मागे उरणाऱ्या सांडपाण्यात सेंद्रिय भार इतका असतो की त्याच्या शुद्धीकरणाचा खर्चच लहान उद्योजकाला बुडवील. महाडच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांना सांडपाण्याचा विषय वेगळा समजावून सांगायला नको. मोठ्या कारखान्यांशी भावाची स्पर्धा हा तर पुढचा प्रश्न.

तीच 'उमामी' चव आपल्या स्वयंपाकात सोडे, जवळा आणि पिकलेला टोमॅटो यांतून येत असते. महाडच्या बाजारात सुकी मासळी घेणाऱ्याला हे शास्त्र माहीत नसेल, पण मूठभर सोड्यांनी वांग्याची भाजी कशी बदलते ते पक्के माहीत असते.

कोकम : कायद्याच्या भाषेत आणि स्वयंपाकात

कोकम हा कायद्याच्या व्याख्येतील 'चववर्धक' नाही. तो आंबटपणा देणारा मसाला आहे, आणि भारतीय मसाले मंडळाच्या ५२ मसाल्यांच्या यादीत त्याचा समावेश आहे. उद्योजकाच्या दृष्टीने हा फायदाच आहे. आमसुलाच्या पाकिटावर मिश्रणाचे क्रमांक लिहावे लागत नाहीत, आणि मुलांच्या खाण्यात नको म्हणून गिऱ्हाईक हात मागे घेत नाही.

सालीतील आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा असतो. लाल-जांभळा रंग अँथोसायनिन गटातील रंगद्रव्यांचा. रसाचा सामू दोनच्या आसपास असतो. या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की प्रक्रियेतील बहुतेक नियम आपोआप समजतात. आम्ल तीव्र आहे म्हणून बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, पण यीस्ट आणि बुरशी वाढतात. तेच आम्ल मिठाबरोबर धातू खाते. रंगद्रव्य उष्णतेने आणि उन्हात फार दिवस राहिल्याने फिके पडते.

फळ कोठून येणार

सर्वांत आधी हा प्रश्न सोडवावा, यंत्रांची कोटेशन नंतर मागवावीत. रायगडच्या दक्षिण भागात कोकमाच्या सलग बागा फार कमी आहेत. झाडे परसात, ओढ्याकाठी, देवराईत आणि घाटाच्या उतारावर विखुरलेली आहेत. बियांपासून उगवलेल्या झाडांत नर आणि मादी वेगळी असतात आणि साधारण निम्मी झाडे नर निघतात. त्यांना फळ येत नाही. म्हणून "आमच्या वाडीत शंभर झाडे आहेत" असे कोणी सांगितले की मी पहिला प्रश्न विचारतो, फळणारी किती?

एक साधा हिशेब मांडू. हंगामात १० टन रातांबे प्रक्रियेला हवेत असे धरू. एका फळणाऱ्या झाडापासून सरासरी ४० किलो मिळाले तर २५० मादी झाडे लागतील. रानातील झाडाचे उत्पन्न फार कमी-जास्त होते, एका वर्षी लदलेले झाड पुढच्या वर्षी रिकामेही राहते. म्हणून कागदावर ४०० झाडे जोडलेली असावीत. एक हंगाम काही न उभारता केवळ ही मोजणी करावी. एप्रिलमध्ये वाडीवाडीत फिरून झाडावर रंगाची खूण करावी आणि मालक, फळ कधी पिकते व रस्ता कुठपर्यंत आहे हे वहीत लिहावे. झाड वनजमिनीवर असेल तर वन विभाग आणि ग्रामसभा या दोघांशी आधी बोलावे. वनहक्क कायदा २००६ खाली गावाला सामूहिक हक्क मिळालेले असतील तर गौण वनोपज गोळा करण्याचा मार्ग सोपा होतो.

नवीन लागवड करायची असेल तर बी लावू नये, मादी झाडाची मृदुकाष्ठ कलमे लावावीत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती दिल्या आहेत. कोकण अमृताचे फळ मध्यम, पण पावसाआधी तयार होते. आपल्या भागासाठी हा गुण मी सर्वांत वर ठेवतो. हातीसचे फळ मोठे आणि जाड सालीचे असते. लागवड ६ × ६ मीटरवर करावी. सर्व कलमे मादी असतील तर परागीभवनासाठी बागेत काही नर झाडे ठेवणे विसरू नये.

खरी लढाई पावसाशी

महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोकमाचे फळ एप्रिलपासून पिकू लागते आणि बहुतेक झाडांवर मे अखेर ते जूनमध्ये भर येतो. म्हणजे रोहिणीचे वळीव आणि मृगाचा पाऊस नेमके तेव्हाच गाठतात. पावसात भिजलेले फळ फुटते, गळते आणि दोन दिवसांत बुरशी धरते. गावात "यंदा कोकम खूप होते, पण हाती काही लागले नाही" हे वाक्य ऐकू येते त्याचे कारण हेच आहे.

माझ्या पाहण्यातील एका बचत गटाने पहिल्याच वर्षी भरपूर फळ घेतले, पण वाळवण अंगणातल्या तट्ट्यांवर होते. २६ मेला पाऊस आला आणि पाच दिवस थांबला नाही. अर्धवट वाळलेल्या साली घरात पसरल्या, त्यांना पांढरी बुरशी आली. महिलांनी त्या पुन्हा रसात बुडवून वाळवल्या. वरून माल चांगला दिसला, पण ऑगस्टमध्ये पिशव्या उघडल्या तेव्हा कुबट वास होता. व्यापाऱ्याने सगळा माल परत केला. कर्ज फेडायला गटाला दोन वर्षे लागली. बुरशी आलेली साल धुऊन, खारवून किंवा तापवून दुरुस्त होत नाही. ती बाजूला काढून खतात टाकावी.

त्यामुळे कारखान्याची क्षमता चिरण्याच्या वेगावर ठरवू नये, वाळवण्याच्या जागेवर ठरवावी. १० टन फळ ४० दिवसांत घ्यायचे तर दिवसाला २५० किलो. फळात साल साधारण निम्मी, म्हणजे रोज १२५ किलो ओली साल. तिच्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणजे रोज १०० किलो पाणी उडवायचे. रसाच्या बुडव्यांमुळे त्यात भर पडते ती वेगळी. एका चौरस मीटरवर ४ किलो साल पसरली आणि एक घाण तयार व्हायला सात दिवस लागले, तर सुमारे २२० चौरस मीटर वाळवणी लागते. ही जागा अंगणात असते असे नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचे सौर वाळवणीगृह, आत मजल्यांचे ताटवे आणि वाफ बाहेर काढणारा पंखा असेल तर कमी जमिनीत काम होते आणि माशा, धूळ, कोंबड्या यांपासूनही सुटका होते.

मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी लाकूड किंवा काजू टरफलावर चालणारे गरम हवेचे ड्रायर जोडीला हवे. धूर मालाला लागता कामा नये. भट्टीची उष्णता नळ्यांमधून हवेला मिळावी, भट्टीतील हवा थेट आत येऊ नये. तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवावे. घाईत ७० पर्यंत नेले तर साल बाहेरून कडक, आतून ओली राहते आणि रंग तपकिरी होतो. गिऱ्हाईक आमसूल आधी डोळ्यांनी विकत घेते.

आमसूल करण्याची पद्धत

पूर्ण पिकलेली, गडद लाल, न फुटलेली फळे घ्यावीत. हिरवट फळे एक-दोन दिवस सावलीत ठेवली की रंग धरतात. स्वच्छ पाण्यात धुऊन, पाणी निथळून, फळाचे दोन भाग करावेत. साल एका भांड्यात, बियांसह गर दुसऱ्यात. गरात वजनाच्या सुमारे १० टक्के मीठ मिसळून त्याचा रस सुटू द्यावा. साली या खारट रसात बुडवून रात्रभर ठेवाव्यात, सकाळी काढून वाळत घालाव्यात. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा रसात. असे चार-पाच वेळा केले की साल जाड, गडद आणि मऊ होते. बुडव्यांची संख्या कमी केली की माल लवकर निघतो, पण तो पातळ आणि फिका पडतो, आणि आमटीत दोनाऐवजी चार सोले टाकावी लागली की घरातील बाई पुढच्या वेळी ते पाकीट घेत नाही.

तयार आमसूल मुठीत दाबले तर रस सुटू नये, हाताला चिकटू नये, पण वाकवल्यावर तुटूही नये. हा हाताचा अंदाज पहिल्या वर्षी चालेल. व्यापारी माल देताना ओलावा आणि मिठाचे प्रमाण प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे.

बाजारात आगळ काढून झालेल्या साली वाळवून आमसूल म्हणून विकल्या जातात, कधी रंगही लावला जातो. अशी साल कोमट पाण्यात टाकली की रंग झटकन सुटतो आणि आंबटपणा नावाला असतो. ही वाट धरू नये. आगळाची उरलेली साल विकायचीच असेल तर तसे स्पष्ट सांगून कमी भावात विकावी.

आगळासाठी सालीच्या वजनाच्या १५ ते १६ टक्के मीठ लावून ती पिंपात ठेवतात, रोज ढवळतात आणि सात-आठ दिवसांनी रस गाळून घेतात. यात ऊन लागत नाही. म्हणून माझा सल्ला असा : मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत येणारे फळ आमसुलाकडे वळवावे आणि त्यानंतरचे, पावसाच्या छायेतील पण न फुटलेले फळ आगळाकडे. ज्या गटांनी ही विभागणी पाळली त्यांचे जूनमधील नुकसान खूप कमी झाले आहे. सरबताचा साखरपाक हा तिसरा पदार्थ आहे, पण त्यात साखरेचे भांडवल अडकते आणि परिरक्षकाचे प्रमाण काटेकोर पाळावे लागते. पहिल्या वर्षी तो थोडाच करावा.

बिया फेकू नयेत. धुऊन वाळवलेल्या बीमध्ये २३ ते २६ टक्के तेल असते. ते घरच्या तापमानाला घट्ट राहते. हेच कोकमतेल किंवा मुठेल, आजीने टाचांच्या भेगांना लावलेले. सौंदर्यप्रसाधनांचे उत्पादक ते विकत घेतात, मात्र बी बुरशीमुक्त हवी.

जागा, पाणी आणि भांडी

सव सावित्रीच्या काठी आहे आणि तेथील गरम पाण्याचे झरे प्रसिद्ध आहेत. ते पाणी धुण्यासाठी किंवा वाळवणीच्या उष्णतेसाठी वापरता येईल का, असे विचारले जाते. खनिजे असलेले ते पाणी अन्नाला लावू नये. कुंडावर लोक त्वचेच्या विकारांसाठी आंघोळीला येतात, तो त्याचा उपयोग तसाच राहू द्यावा. नदीचे पाणीही थेट घेऊ नये. खालच्या अंगाला भरतीचा परिणाम जाणवतो आणि वर औद्योगिक वसाहत आहे. विहीर किंवा बोअरवेलचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, जड धातूंसह, तपासून घ्यावे. एकदा मार्चमध्ये आणि एकदा मेमध्ये, कारण पाणी खाली गेल्यावर त्याची प्रत बदलते.

जागेबाबत एक गोष्ट कळकळीने सांगतो. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवसांत तळियेवर दरड कोसळली. जुलैत कोकमाचा हंगाम संपलेला असतो, म्हणून पुराचा आपल्याशी संबंध नाही असे वाटते. पण वर्षभर विकायचा सगळा माल गोदामात असतो तो नेमका तेव्हाच. तेव्हा नदीकाठची सपाट, रस्त्यालगतची, सोयीची दिसणारी जागा घेण्यापूर्वी शेजारच्या घरांच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण कुठे आहे ते पाहावे आणि गोदामाची जमीन तिच्या वर ठेवावी. उलट बाजूला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी उतार कापून केलेली जागाही टाळावी. मालाचा आणि यंत्रांचा विमा घेताना त्यात पुराचा समावेश आहे ना, हे पॉलिसीत वाचून घ्यावे. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नये.

भांड्यांत लोक पैसे वाचवायला जातात आणि तिथेच माल घालवतात. ॲल्युमिनियम, लोखंड, पितळ, तांबे यांपैकी काहीही नको. साधे स्टीलही खारट आंबट रसात काही महिन्यांत खड्डे धरते. रस साठवायला अन्नासाठीची प्लॅस्टिक पिंपे उत्तम, ताटव्यांना प्लॅस्टिक जाळी, आणि जिथे धातू अटळ आहे तिथे ३१६ प्रतीचे स्टील. रसायनाची जुनी निळी पिंपे स्वस्तात मिळतात. ती कितीही धुतली तरी वापरू नयेत. खारट धुण्याचे पाणी भाताच्या खाचरात सोडू नये, त्यासाठी वेगळा खड्डा करावा.

आमसुलातील मीठ हवेतील ओल ओढून घेते. म्हणून मृगाआधी सर्व माल जाड, हवाबंद पिशव्यांत भरून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावा.

पैशांचा हिशेब आणि कागदपत्रे

१० टन फळापासून ५ टन साल, म्हणजे सुमारे १ टन कोरडा भाग. मीठ, रसाचा अंश आणि उरलेला ओलावा धरून १३०० किलोच्या आसपास आमसूल निघते असे मानू. म्हणजे एक किलो आमसुलामागे जवळजवळ पावणेआठ किलो फळ. फळ किलोला २० रुपयांनी पडले असे धरले तर फक्त फळाचा खर्च १५४ रुपये होतो. त्यावर मजुरी, मीठ, जळण, पिशव्या, वाहतूक आणि व्याज. तुमच्या वाडीतील खरा भाव घालून हा हिशेब स्वतः करा. घाऊक व्यापारी देत असलेला भाव आणि हा खर्च यांत फार फरक उरत नसेल, तर उद्योग छोट्या पाकिटांच्या थेट विक्रीवरच उभा राहील. रायगडावर जाणारे पर्यटक, मुंबई-गोवा महामार्गावरील प्रवासी आणि मुंबईत राहणारे गावकरी ही तीन गिऱ्हाइके हाताशी आहेत.

दुसरी अडचण खेळत्या भांडवलाची. फळाचे २ लाख रुपये ४० दिवसांत रोख द्यावे लागतात आणि माल वर्षभर विकला जातो. बँकेकडे यंत्रांबरोबर हेही कर्ज मागावे. बहुतेक अर्जांत ते राहून जाते.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. बचत गटातील सदस्याला प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाचीही तरतूद आहे. योजनेची चालू मुदत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावी. अनुदान नंतर जमा होते, म्हणून ते न मिळाल्यासही हप्ता भरता येईल असाच प्रकल्प आखावा. उद्यम नोंदणी मोफत होते. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना फॉस्कॉस संकेतस्थळावर काढावा. नोंदणी की परवाना हे वार्षिक उलाढालीवर ठरते, त्याची चालू सीमा अर्जाच्या वेळी पाहून घ्यावी. ग्रामपंचायतीचा दाखला आणि बांधकामासाठी जमिनीची बिनशेती स्थिती आधी तपासावी.

वेष्टनावर घटक, निव्वळ वजन, घाण क्रमांक, तारीख आणि परवाना क्रमांक हवा. "वजन कमी करते", "पित्तावर औषध" असे काही छापू नये. २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांखाली ते अंगाशी येते. तसेच सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, रायगडचा माल त्या नावाने विकता येत नाही.

चाळीस दिवसांच्या हंगामानंतर वाळवणीगृह रिकामे राहते. मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांची आंबोशी त्याच ताटव्यांवर वाळते, तीही आंबट चवीचीच वस्तू आहे आणि कच्चा माल जवळजवळ फुकट असतो. पावसाळ्यानंतर आवळा घेता येतो. पण पहिल्या वर्षी आंबोशी आणि कोकम एवढेच धरावे, आणि सुरुवात १० टनांऐवजी २ टनांनी करावी. दोन टनांना रोज ५० किलो फळ, चार-पाच माणसे आणि सुमारे ४५ चौरस मीटर वाळवणी पुरते.

यंदाची झाडांची मोजणी अजून झाली नसेल तर मार्चच्या अखेरीस, फळ सुपारीएवढे झाले की सुरू करा. तेव्हा मादी झाड लांबूनही ओळखता येते.